दोनवरचा मर्व्ह

पोर्ट पिरीत मर्व्ह ट्रेंबाथला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याला मोठ्याने वाजवताना ऐकलंय असाही सापडायचा नाही. एकतीस वर्षं, दर शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते नऊ, मिनेर्व्हिनींच्या पबात डाव्या कोपऱ्यात उभा राहून हा माणूस गिटार वाजवत आलाय. मध्ये फक्त दोन शुक्रवार चुकले, एक थोरलीच्या जन्माला आणि एक सासऱ्याच्या मयताला. मयताच्या शुक्रवारी गाणी झाली नाहीत म्हणून गावातल्या दोघातिघांनी नंतर कुरकुर केली होती.

त्याच्या पाठीशी गिटारचा आवाज वाढवणारा जो अ‍ॅम्प असतो तो छातीएवढा उंच. शंभर वॉटचा, आत जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह, पण अंगाने दांडगे. असला अ‍ॅम्प हळू आवाजात नुसता वाजतो. त्याच्या आवाजाचं बटण दहापैकी सात-आठवर नेलं, व्हॉल्व्ह तापून कावले, की मग त्याचा सूर फाटायला लागतो, आणि त्या फाटण्यापायीच माणसं असला धोंडा जन्मभर वाहतात. मर्व्हने तो १९८३ साली अ‍ॅडलेडमध्ये एका मोडलेल्या बँडवाल्याच्या गॅरेजात घेतला. विकणाऱ्याने आकडा आठवर नेऊन एकच सूर मारला होता. गॅरेजचा पत्रा हादरला, शेजारचं कुत्रं पळालं आणि मर्व्हने तिथल्या तिथे पैसे काढून दिले. त्यानंतर आजतागायत त्या अ‍ॅम्पचा आकडा दोनच्या पुढे गेलेला नव्हता.

आधी सासरा होता. तो म्हणायचा, "पोरा, बिअर मागायला ओरडावं लागलं की लोक कमी पितात." मग मुली झाल्या, त्या झोपायच्या. मग सासरा गेला आणि पब मेव्हण्याकडे, सॅलकडे आला. सॅल बँडचा गायक आणि पबाचा मालकही, त्यामुळे तक्रार न्यायची कुणाकडे हा प्रश्नच मिटला. आणि अकरा वर्षांपूर्वी मागच्या मैदानावर दुमजली घरं उठली, तिथल्या लोकांनी नगरपालिकेत अर्ज दिला, आणि पबाच्या भिंतीवर एक पेटी बसली. पेटीला कान होता आणि तीन दिवे. लाल दिवा पाच सेकंद राहिला की मंचाची वीज जायची. आकडा दोनवर असूनही असं दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा सगळा पब मर्व्हकडे बघून हसला होता. तेव्हापासून तो पेटीकडे डोळे लावून वाजवायचा.

"जावईबापू," सॅल दर शुक्रवारी पहिल्या गाण्याआधी माइकवरच म्हणायचा, "दोन. वेसण सुटू देऊ नका बैलाची."

लोक हसायचे. मर्व्हही हसायचा. नाही हसला तर काय करणार होता?

तसा तो घरजावईच. मिनेर्व्हिनींच्या म्हाताऱ्याने एक घर मधोमध भिंत घालून दोन केलं होतं. एका बाजूला सॅल, दुसऱ्या बाजूला त्याची बहीण रोझॅना आणि तिचा नवरा मर्व्ह. म्हणजे पबात सॅल समोर आणि घरी सॅल भिंतीपलीकडे. मर्व्हने शिशाच्या भट्टीवर छत्तीस वर्षं क्रेन चालवली. पाळी संपली की तिथेच अंघोळ, तिथेच कपडे टाकायचे, शिशाचा कण घरी न्यायचा नाही, हा तिथला शिरस्ता. नखं घासून घासून बोटं गुळगुळीत व्हायची आणि तशा बोटांनी तो शुक्रवारी वाजवायला यायचा. क्रेनच्या काचेच्या खोलीत तो एकटा असायचा. तिथे कुणी त्याला हळू म्हणत नव्हतं, पण तिथे गिटार नव्हती. गेल्या मार्चात निवृत्त झाल्यावर तीही खोली गेली.

सॅल वाईट असता तर सोपं झालं असतं. पण मर्व्हचा बाप आजारी पडला तेव्हा त्याला मूंटाहून गाडीत घालून आणणारा सॅल. मुलींच्या लग्नात पब तीन दिवस बंद ठेवणारा सॅल. समुद्रावरून आला की निळ्या खेकड्यांची अर्धी बादली न सांगता भिंतीपलीकडून देणारा सॅल. अशा माणसाला 'मला तुझ्याबरोबर वाजवायचा कंटाळा आलाय' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबणारा हात मायेचा होता.

अशात एका शनिवारी सकाळी पोर्ट ऑगस्टाहून ब्रॉनचा फोन आला. ब्रॉन म्हणजे ब्रॉन्विन प्रॉथेरो. गिटारं, अ‍ॅम्प आणि शिवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई. मर्व्हच्या अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह गेली वीस वर्षं तीच तपासायची, आणि दर वेळी म्हणायची, की हे झिजत का नाहीत ते मला कळतं आणि वाईट वाटतं.

"मर्व्ह, बस खाली आणि ऐक. मॅक्सीन डेलीचा बँड माहितीये?"

माहीत नसायला काय झालं. मॅक्सीन खाणींच्या गावांतून फिरायची. तिचा ड्रमवाला म्हणे काठ्या न मोडता एक कार्यक्रम संपवत नसे.

"तिच्या गिटारवाल्याचं मनगट मोडलंय पोर्ट लिंकनला. सेडूना, युक्ला, नॉर्समन, कॅलगूर्ली, सहा आठवड्यांचा दौरा आहे. सोमवारी गाडी सुटते. मी तुझं नाव दिलंय. उद्या दुपारी दोनला क्रिस्टल ब्रुकला फुटबॉल क्लबच्या शेडमध्ये त्यांचा खेळ आहे, तिथे चार गाणी वाजवायची. तिला पटलं तर सोमवारी तू गाडीत."

मर्व्ह आता खरोखरच खाली बसला.

"आहेस का?"

"आहे."

"बासष्ट वर्षांचा झालास. परत कुणी बोलवायचं नाही, हे स्पष्टच सांगते. आणि ऐक, तिच्या गाण्यांत एकट्याने वाजवायच्या जागा मोठ्या आहेत. नुसत्या अ‍ॅम्पवर भागायचं नाही, तो ढकलायला पायाखाली डबी लागेल. बाराला दुकान बंद करते. आत्ता नीघ."

ही डबी म्हणजे ओव्हरड्राइव्हचं पेडल, साबणाच्या वडीएवढं. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये बसतं आणि पायाने दाबलं की सूर फुगवून अ‍ॅम्पच्या अंगावर ढकलतं. शुक्रवारच्या गाण्यांना तसलं काही लागत नसे. सॅलची गाणी अशी, की त्यांत गिटारने मान खाली घालून यायचं आणि तशीच जायचं.

मर्व्हने रोझॅनाला सांगितलं की पेडल आणायला जातोय. कशासाठी ते सांगितलं नाही. नव्वद किलोमीटर गाडी त्याने नेहमीपेक्षा जोरात हाकली, आणि त्याला कळेना की हे भीतीने होतंय की आनंदाने.

ब्रॉनने दोन डब्या काढून ठेवल्या होत्या, एक सोनेरी आणि एक हिरवी. दुकानाची भिंत दातांच्या डॉक्टरला लागून होती आणि शनिवारी त्याच्याकडे गर्दी, म्हणून तिथे मोठ्याने वाजवायची सोय नव्हती. तिने छोट्याशा अ‍ॅम्पवर हळू आवाजात दोन्ही ऐकवल्या. सोनेरीचा सूर भरदार, खालपासून वरपर्यंत गुबगुबीत. हिरवीचा मात्र चिमटीत नाक धरून गाणाऱ्या माणसासारखा.

"ही घे," ब्रॉनने हिरवी पुढे सरकवली.

"ही? ही तर किरकिरते."

"इथे किरकिरते. हळू आवाजात कानाला खर्जाची भूक असते, म्हणून सोनेरी गोड लागते. पण मोठ्या आवाजात खर्ज ड्रमवाल्याचा आणि बासवाल्याचा. तिथे तू खर्ज घेऊन गेलास की त्यांच्या चिखलात बुडालास. तुझी जागा मधली. हिरवी खालचं कापते आणि मधलं पुढे काढते. हिच्यावर ड्राइव्ह, म्हणजे सूर फाडायचं बटण, शून्य ठेव आणि लेव्हल, म्हणजे आवाजाचं बटण, पूर्ण उघड. फाटायचं काम अ‍ॅम्पला करू दे, डबीने नुसता धक्का द्यायचा."

"लेव्हल पूर्ण म्हणजे घरी..."

"घरी नाहीच वाजवायची. घरी ऐकून जो पेडल निवडतो तो बुडतो, हे मी वीस वर्षं बघतेय. सगळे तेच करतात. तू करू नकोस."

मर्व्ह दोन्ही डब्यांकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं ब्रॉनला ओळखीचं असावं, कारण तिने सुस्कारा टाकून दोन्ही पिशवीत घातल्या.

"एकीचे पैसे दे. नको असेल ती पाठवून दे, पुढच्या शनिवारी बारापर्यंत अदलाबदल चालेल. पण उद्या मंचावर दोन्ही नेऊ नकोस. दोन डब्या घेऊन उभा राहिलेला माणूस वाजवत नाही, नुसता विचार करतो."

दुपारी घरी आल्यावर मर्व्हने अ‍ॅम्पवर दोन घोंगड्या टाकल्या, आकडा एकवर ठेवला आणि हिरवी डबी जोडली. ब्रॉनने सांगितलं तशी लेव्हल उघडायला लागला. अर्ध्यावर गेली नाही तोच भिंतीवर ठकठक झाली. सॅलची दुपारची झोप.

"जावईबापू, दात काढताय का कुणाचे?" भिंतीपलीकडून आवाज आला.

मर्व्हने लेव्हल खाली आणली. मग सूर फाटावा म्हणून ड्राइव्ह वर नेला. म्हणजे सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट. हिरवी आणखीच किरकिरली. मग त्याने सोनेरी जोडली, तीही तशीच, ड्राइव्ह भरपूर आणि लेव्हल कमी. आणि काय सांगावं, ती गायला लागली. लांब, मऊ सूर. एक सूर धरला की संपतच नव्हता.

रोझॅना धुतलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात थांबली होती. तिने टोपली खाली ठेवली आणि शिवणाच्या स्टुलावर बसली.

"परत वाजव."

त्याने एकदा हिरवी वाजवली, एकदा सोनेरी.

"दुसरी. पहिली डोक्यात जाते." ती क्षणभर थांबली. "कुठे वाजवणार आहेस ही?"

"शुक्रवारी."

"मर्व्ह, तुझ्याशी लग्नाला अडतीस वर्षं झाली. सकाळपासून तुला घाम फुटलाय. शुक्रवारसाठी तुला कधी घाम आला होता?"

मग त्याने सगळं सांगितलं. फोन, क्रिस्टल ब्रुक, सहा आठवडे, सोमवारची गाडी. सांगताना तो जमिनीकडे बघत होता, काहीतरी चोरून आणल्यासारखा. रोझॅना उठली, कपाटावरची जुनी बॅग तिने खाली घेतली, झटकली, आणि त्यात त्याचे लोकरीचे मोजे टाकले.

"वाळवंटात गारठा असतो," ती म्हणाली.

"आणि सॅल?"

"सॅलचं मी बघते. उद्या त्याला जेवायला बोलावते, खेकडे घालून पास्ता करते. दुपारी चारपर्यंत टेबलावरून उठायचा नाही. तू जा. इतकी वर्षं तू गेला नाहीस, ते माझ्यामुळेच असं मला वाटत आलंय."

"तुझ्यामुळे नाही गं."

"असू दे. जा तू."

मर्व्हला रडू येईलसं वाटलं म्हणून तो डबीच्या मागचे स्क्रू तपासायला लागला. ज्या दाराला आयुष्यभर कुलूप आहे असं तो धरून चालला होता ते बायकोने एका वाक्यात उघडलं होतं. आता अडकून राहायला सबबच नव्हती. त्याने सोनेरी डबी गिटारच्या पेटीत ठेवली. हिरवी तिच्या खोक्यात घालून फ्रिजवर ठेवून दिली. ब्रॉनचे शब्द त्याला आठवत नव्हते असं नाही. पण जिच्या सुरावर बायको स्टुलावर बसली, ती सोडून जी डोक्यात जाते ती न्यायची, हे त्याच्या मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर त्याचा स्वतःचा कानही सोनेरीलाच भाळला होता.

क्रिस्टल ब्रुकच्या शेडमध्ये रविवारी तीनशेक माणसं असतील. सामना नुकताच संपलेला, खेळाडू चिखलाच्या पायांनीच आत आलेले. मॅक्सीन डेली पन्नाशीची, केस बारीक कापलेली बाई. तिने मर्व्हचा अ‍ॅम्प चढवायला स्वतः हात लावला.

"आवाज जुळवून बघायला वेळ नाही, पिरीवाले. थेट सुरू करतोय. तुमचा बैल कितीवर ठेवता?"

बैल हा शब्द तिच्याही तोंडी ऐकून मर्व्ह चपापला. "दोन," असं त्याच्या तोंडातून निघून गेलं.

ड्रमवाला हसला. मॅक्सीन हसली नाही. तिने वाकून बटण सातवर फिरवलं. "दोनवर ठेवलात तर माझ्या ड्रमवाल्याचे मोजेसुद्धा याच्यापेक्षा मोठ्याने वाजतील."

पहिल्या गाण्यात पेडलची गरज नव्हती. मर्व्हने पहिला सूर मारला आणि त्याच्या पॅंटची मागची बाजू वाऱ्याने हलली. चाळीस वर्षं ज्या वस्तूच्या पुढ्यात तो उभा होता ती वस्तू आज पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. मॅक्सीनने गाता गाता मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. ती तीन मिनिटं मर्व्ह ट्रेंबाथ सुखी होता, अगदी निर्भेळ सुखी, हे लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या गाण्यात त्याची एकट्याची जागा आली. तो पुढे झाला आणि त्याने डबी दाबली.

आवाज गेला. म्हणजे बंद पडला नाही, पण गेला. घरी जो सूर भरदार होता तो इथे घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला आणि बासच्या खर्जात मिसळून दिसेनासा झाला. बोटं चालत होती, तारा हलत होत्या, ऐकू मात्र येत होते फक्त ड्रम आणि बास. मर्व्हला वाटलं वायर निघाली. त्याने पायाकडे बघितलं, दिवा लागलेला होता. मग तो वाकला आणि काल घरी जे बटण फिरवलं होतं तेच फिरवलं. ड्राइव्ह वाढवला. म्हणजे चिखलात आणखी पाणी ओतलं. लेव्हलच्या बटणाला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण आवाज वाढवणारं बटण हे वर न्यायचं नसतं, हे त्याच्या बोटांत मुरलेलं होतं.

वाकलेला असतानाच त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तो तिथे पेटी शोधत होता. पेटी नव्हती. शेडला पत्र्याची साधी भिंत होती, तिच्यावर क्लबच्या जुन्या संघांचे फोटो होते, आणि कुणीही त्याला गप्प बसवायला आलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यात त्याने डबी बंदच ठेवली. पण डबीशिवाय लांब सूर टिकेना, आणि जिथे कचकचून तार ओढायची तिथे त्याचा हात आपोआप हलका पडायला लागला. चौथ्या गाण्यात मॅक्सीनने त्याची जागा हातानेच खूण करून ड्रमवाल्याला दिली.

खेळ संपल्यावर ती त्याच्यासाठी बिअर घेऊन आली आणि शेजारी लोखंडी पिंपावर बसली.

"बोटं छान आहेत तुमची. पहिलं गाणं तर फारच छान."

"डबी चुकली," मर्व्ह म्हणाला. "दुसरी आहे घरी. ती आणली असती तर..."

"असेल. डबी चुकते माणसाची." ती बिअरकडे बघत होती. "पण चुकल्यावर तुम्ही खाली वाकून तिच्याशीच खेळत बसलात. माझ्याकडे बघितलं असतंत तर मी बासवाल्याला थांबवला असता. मोठ्याने वाजवणाऱ्यांत हे चालतं, एकमेकांकडे बघतात. तुम्ही भिंतीकडे का बघत होतात?"

मर्व्हने बिअरचा घोट घेतला.

"मला उद्याच माणूस लागतोय. शिकवायला वेळ असता तर तुम्हालाच नेलं असतं. राग मानू नका."

राग मानण्यासारखं ती काही बोललीच नव्हती. अ‍ॅम्प गाडीत चढवताना ड्रमवाल्याने मदत केली आणि "भारी यंत्र आहे हो, काका," असं मनापासून म्हणाला. गाडी सुरू केल्यावर मर्व्हला ब्रॉनचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. बैल गेला आणि झोपा केला. निम्म्या वाटेवर त्याने गाडी कडेला घेतली आणि गव्हाच्या शेतासमोर स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. तो सॅलवर चिडायचा प्रयत्न करत होता, आणि चीड काही येत नव्हती. आज सॅल तिथे नव्हता. दोनचा आकडा मर्व्ह स्वतःच बरोबर घेऊन गेला होता.

घरी पोचला तेव्हा रोझॅना अंगणात उभी होती. भरलेली बॅग तिने दाराशीच ठेवली होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही, तरी तोच म्हणाला, "त्यांना तरुण माणूस हवा होता."

"मग आधी सांगायचं ना मेल्यांनी. वाजलं कसं?"

तिच्या डोळ्यांत इतकी आस होती, की मर्व्हला दुसरं काही बोलताच आलं नाही.

"चांगलं वाजलं."

"बघ. मी म्हटलं होतं ना, सोनेरीच."

बॅग दोन दिवस तशीच पडून होती. मंगळवारी तिने त्यातले मोजे परत कपाटात ठेवले.

शुक्रवारी सोनेरी डबी पबात आली. अ‍ॅम्प दोनवर, ड्राइव्ह भरपूर, लेव्हल कमी. दुसऱ्याच गाण्यात मर्व्हने ती दाबली आणि बारपाशी उभी असलेली माणसं बोलायची थांबली. तो लांब मऊ सूर सॅलच्या गळ्याखालून असा चालत राहिला, की सॅलने गाता गाता डोळे मिटले. भिंतीवरच्या पेटीचा हिरवा दिवा हललासुद्धा नाही. बक्षिसात मांस देणाऱ्या पबाच्या सोडतीची तिकिटं विकणारी बाई तिकिटं हातात धरून तशीच उभी राहिली. एकतीस वर्षांत मर्व्हसाठी पहिल्यांदा गाण्याच्या मध्येच टाळ्या पडल्या.

नऊ वाजता सॅलने त्याला मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते.

"इतकी वर्षं कुठे लपवला होतास रे हा आवाज? हीच डबी हवी होती आपल्याला. बाबा असते तर त्यांनी आज तुला खुर्चीवर बसवून पाजली असती."

"मी निवडली ती," रोझॅना बारपलीकडून सगळ्यांना सांगत होती. "हा दुसरीच घेऊन बसला होता. मी म्हटलं, ती नको, डोक्यात जाते. बायकांना कान असतो."

"खरंय," मर्व्ह म्हणाला. "कान तिचाच."

लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि तो प्रत्येकाकडे हसून मान डोलवत होता. जी डबी क्रिस्टल ब्रुकला त्याच्या गळ्याचा दगड झाली, तीच इथे गळ्यातला हार झाली होती. ती इथल्यासाठीच बनली असावी इतकी चपखल बसली होती, आणि मर्व्हने त्या गर्दीतच वाकून तिची वायर काढली.

शनिवारी सकाळी दहाला ब्रॉनचा फोन आला. रोझॅना मोरीपाशी खेकडे साफ करत होती. सॅलने पहाटेच बादली देऊन ठेवली होती, आज अर्धी नव्हे, पूर्ण भरलेली.

"मॅक्सीनकडून कळलं," ब्रॉन म्हणाली. "सोनेरी नेलीस ना?"

"हो."

"मी सांगितलं होतं." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "ऐक. हिरवी अजून तुझ्याकडेच आहे. सोनेरी मला पाठवून दे आणि हिरवी ठेव. बारा वाजेपर्यंत सांग. एकदा ती सातवर ऐक रे. कुठे तरी माळावर जनरेटर घेऊन जाऊ, मी येते. आणि मॅक्सीन काही जगातली शेवटची बाई नाही."

मर्व्हने फ्रिजवरचं खोकं खाली घेतलं. रोझॅनाने हात पुसत वळून पाहिलं.

"कोण आहे? डबीबद्दल आहे का काही?"

एका वाक्याचं काम होतं. 'रोझॅना, त्या दिवशी वाजलं नाही, तुझ्या डबीने मी बुडालो.' मग ती सोनेरी परत गेली असती, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासाठी दार उघडून दिलेल्या बाईला कळलं असतं, की ते दार पुन्हा लागलं त्यात तिचाही हात होता. ती काही बोलली नसती. स्टुलावर मात्र परत कधी बसली नसती.

"ब्रॉन आहे," तो तिला म्हणाला. "विचारतेय, कुठली ठेवणार."

"विचारायचं काय त्यात?" रोझॅना हसली आणि परत खेकड्यांकडे वळली.

मर्व्हने खोक्याचं झाकण दाबून बसवलं आणि चिकटपट्टीसाठी खण उघडला.

"ब्रॉन, हिरवी पाठवून देतोय," तो फोनमध्ये म्हणाला. "इथे ती कुणाला आवडायची नाही."